हॅट्‌मामांचा पंचा

आमच्या हॅट्‌मामांनी जन्मभर कशालाच 'वा' म्हटलं नाही. आईचे हे थोरले भाऊ. आंबेनळी घाटाखालच्या वाडीत नाचणी पिकवायचे आणि उभ्या जगाला 'हॅट्' म्हणायचे. घाटात गाड्या थांबवून फोटो काढणारी मंडळी दिसली की म्हणायचे, "दरी बघाया आलेत. दरी काय पळून चाललीय?" माझ्या पोटाकडे बघून तर तेवढंही बोलायचे नाहीत. नुसतंच 'हॅट्'.

मामांची सत्तरी उलटल्यावर मी त्यांना पहिल्यांदा समुद्र दाखवायला नेलं, सोबत बायको. डोंगर थेट पाण्यात उतरलेला आणि वाळूऐवजी गुळगुळीत गोट्यांचा उभा उतार. जणू समुद्र मीच बांधून घेतला होता अशा थाटात मी विचारलं, कसा वाटला?

"हॅट्. येवढं पानी, आन् पियाला थेंब नाय."

मात्र तिथे मासे सुकवत बसलेल्या एका बाईपुढे ते चक्क वाकले. पाणी कधी चढतं, कुठवर येतं, सगळं विचारून घेतलं. मग वाळलेल्या शेवाळाची जी रेघ होती, तिच्या वर पंचा अंथरला, कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले आणि फर्मान काढलं: याच्या खाली कुणी उतरायचं नाही, आणि पाण्याला पाठ दाखवायची नाही.

मला हसू आलं. मी सावित्रीकाठी वाढलेला, दगड बघून पूर ओसरला की नाही ते सांगणारा माणूस. म्हटलं, मामा, खालचे दगड ठणठणीत कोरडे आहेत, पाणी उतरलंय.

"ते नदीचं रे. नदीचं पानी निघून जातं. याला जायाला जागा नाय, ते परत येनार."

मी चपला त्याच कोरड्या दगडांवर काढल्या, बायकोला समुद्राकडे पाठ करून उभं केलं आणि मोबाईल रोखून "अजून थोडी मागे" म्हणत राहिलो. लाट आली ती मला मोबाईलच्या काचेत फार छान दिसली. बायको गुडघाभर पाण्यात, आणि परतणाऱ्या पाण्याबरोबर तिच्या पायाखालचे गोटे खडखडत निघालेले. ती वर धावायला गेली तशी आणखी खाली घसरली. मी काय केलं? तिच्या नावाने हाक मारली. बस, एवढंच.

मामा पंच्यावरून उठले. आवाज न चढवता म्हणाले, "सूनबाय, पळू नको गो. बस खाली, हात टेक. पानी जाऊ दे. हां, आता घसाऱ्यावरनं चढतो तशी ये."

घसारा म्हणजे सुट्या दगडांची घसरती उतरण. आमच्याकडच्या बायका गवत कापायला अशा उतरणीवर हातापायांनी चढतात. बायको पोलादपूरच्या डोंगरातलीच. तिला एका शब्दात कळलं. पुढची लाट यायच्या आत ती पंच्यावर होती.

माझ्या चपला गेल्या. तापलेल्या गोट्यांवरून नाचत मी गाडी गाठली. त्या दिवशी मामा मला 'हॅट्'सुद्धा म्हणाले नाहीत. तेच जास्त लागलं.

गेल्या वर्षी मामा गेले. मूलबाळ नव्हतं, अस्थी मीच सोडल्या, दासगावला. तिथे सावित्रीत खाडीचं पाणी चढतं. भटजींनी बजावलं, आता मागे वळून बघायचं नाही. मी वळलोच नाही. पाण्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी पायऱ्या चढलो. भटजींनी ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं, तिला आमच्या घरात एकच शब्द आहे.

सगळ्यात वरच्या पायरीवर बायको माझ्या चपला हातात घेऊन उभी होती.