आत्याचा साबण, आमचं पाणी

नव्या गावी गेले की मी आधी हात धुते. देवदर्शन नंतर, चहा त्याहून नंतर. साबण हातावर फिरवायचा आणि फेस किती येतो ते बघायचं, की त्या गावाबद्दल मला पुरेसं कळतं. माझी सून म्हणते, लोक गावाला जाऊन माणसं बघतात, तुम्ही नळ बघता. बघते खरी. हल्ली मी केडगावला राहते. आमच्या इमारतीत नळाच्या पाण्याला फेस बरा येतो, बोअरच्या पाण्याला येत नाही, आणि टाकीवाला गुपचूप दोन्ही एकत्र करतो तेव्हा मला पहिल्या बादलीतच समजतं. मग मी खाली जाऊन त्याच्याशी भांडते. ही खोड मला लागली ती कर्जत तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावात, बहात्तरच्या दुष्काळात, आणि ती लावली माझ्या आत्याने.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिला पुणतांब्याला दिलेली होती, गोदावरीच्या काठावर. तिकडे नदीला गंगाच म्हणतात. आत्या माहेरपणाला आली की तिच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी गंगा यायची, आणि आम्ही उन्हाने तडकलेल्या गावातली पोरं तोंड उघडं टाकून ऐकत बसायचो. तिला मूलबाळ झालं नाही. त्या वर्षी तिचे यजमान गेले, आणि दिवस झाल्यावर दिरांनी तिला सांगितलं, चार महिने माहेरी जाऊन ये, मन रमेल. त्या चार महिन्यांचा अर्थ, म्हणजे आता परत येऊ नकोस, आमच्या घरात सगळ्यांना कळला. ती आली तेव्हा अंगावर एक लुगडं होतं, बोचक्यात दुसरं होतं, आणि हातात करंजाच्या तेलाचा एक पत्र्याचा डबा होता. नवऱ्याच्या घरातून तिने मागून आणलेली वस्तू तेवढीच.

पाऊस झालाच नव्हता. आई आणि वडील दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला जायचे. आत्याही पदर खोचून निघाली, तर वडिलांनी तिला दारातच अडवलं. म्हणाले, "आक्का, तू येनार न्हाईस. लोक म्हनतील, बहिनीला घरी आनली आनि हातात घन दिला." त्यांनी ते मायेनेच म्हटलं होतं. पण आत्याने त्यातून ऐकलं ते वेगळंच, की इथे तुला काम नाही. त्या दिवसापासून ती ताटातली अर्धी भाकरी मोडून परत टोपल्यात ठेवायला लागली. विचारलं की म्हणायची, पोट बरं नाही. मी दहाएक वर्षांची होते. मला वाटायचं, हिला खरंच पोटाचं काहीतरी दुखणं आहे, आणि मी तिला ओवा आणून द्यायचे. ती तो मुकाट्याने चावायची.

खडीच्या धुळीने आईवडिलांचे कपडे पांढरे फट्ट होऊन यायचे. दुकानातून आणलेली साबणाची वडी आई दोऱ्याने कापून, तुकडा तुकडा करून वापरायची आणि उरलेला भाग आमच्या हाती लागू नये म्हणून फडताळात सगळ्यात वर ठेवायची. एके दिवशी आत्याने ते पाहिलं.

"वैनी, साबन इकत आनू नका. मी करते घरी. कितीतरी सवंग पडतो."

"साबन घरी हुतो व्हय?" आईने विचारलं.

"न व्हायला काय झालं? पुणतांब्याला आमची सगळी आळी माझा साबन न्यायची."

तिकडे महिला मंडळाच्या वर्गात ती शिकली होती. सांगताना तिचा चेहरा असा उजळला, की आई लगेच हो म्हणाली. आईला साबणात फारसा रस नव्हता. तिला तो चेहरा बघायचा होता, हे मला आता समजतं.

वडिलांनी बाजारातून कॉस्टिक सोडा आणून दिला. आत्याने परसात जुना माठ मांडला, नाकातोंडाला पदर बांधला आणि आम्हा पोरांना उंबऱ्याच्या आत उभं केलं. पुढे पाऊल टाकलं तर तंगडं मोडीन, असं बजावलं. पाण्यात सोडा पडला आणि ते पाणी चुलीशिवाय आपोआप तापलं, त्यातून वाफा निघाल्या. मग ते निवल्यावर तिने बारीक धारेने करंजाच्या तेलात सोडलं आणि बाभळीच्या काठीने ढवळायला बसली. एकाच दिशेने, न थांबता. मध्ये हात बदलला तरी काठी थांबायची नाही. करंजाचा उग्र, कडवट वास सगळ्या गल्लीत पसरला. हळूहळू ते पिठल्यासारखं घट्ट झालं, तेव्हा तिने जुन्या पेटीच्या झाकणात ओलं फडकं अंथरून त्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी दोऱ्याने वड्या पाडल्या, गुळाच्या रंगाच्या, अगदी सारख्या. त्या माळवदावर सुकत असताना दिवसातून कितीदा ती वर जाऊन बघून यायची. त्या दिवसांत तिने भाकरी पुरती खाल्ली. मी ओवा देणं बंद केलं.

वड्या कडक झाल्यावर आम्ही तिघी विहिरीवर गेलो. आत्याने वडिलांचं धोतर भिजवलं, साबण घासला, चोळला. फेस आला नाही. तिने पुन्हा घासला. पाण्यावर फुटलेल्या दुधासारख्या कवड्या तरंगायला लागल्या आणि धोतराला चिकटल्या. ती खालमानेने घासतच राहिली, आणि आई शेजारच्या दगडावर आपल्या ठेक्यात कपडे आपटत राहिली.

"नासला," आत्या म्हणाली.

"चांगला हाय की," आई म्हणाली.

आई खोटं बोलत नव्हती. तिचं माहेर दोन कोसांवर, पाणी असंच मचूळ. तिने जन्मात साबणाचा फेस असा पाहिलाच नव्हता. तिच्या हिशेबी साबण वासाला असतो, मळ काढतो तो दगड. दुकानातल्या साबणालाही आमच्या विहिरीच्या पाण्यात नावालाच बुडबुडे यायचे. त्याच पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आई रोज डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाकायची, पण डाळीचं कारण साबणालाही लागू असेल, हे कोणाला म्हणून सुचलं नाही. आणि आत्या लहान वयातच लग्न होऊन गेलेली, तेव्हा या घरात साबणच नव्हता; तिने तर आयुष्यभर गंगेच्या पाण्यातच साबण घासलेला. ज्याला फेस नाही तो साबणच नाही, एवढंच तिला माहीत होतं.

डब्यातलं उरलेलं तेल घेऊन तिने दुसऱ्यांदा साबण केला. यावेळी आणखी जपून, आणखी वेळ ढवळून. तिच्या बोटांची सालं निघाली. पुन्हा तेच झालं. त्या दुपारी ती भिंतीला टेकून बसली. आई कामावर गेली नव्हती, ज्वारी निवडत होती. मी आईच्या पुढ्यात होते.

"वैनी, माझा हात गेला," आत्या म्हणाली. "ह्ये गेले त्यांच्यासंगं हातबी गेला. आता मी हात लावीन त्ये नासनार."

"असं बोलू नका, वन्सं."

"तुमच्या घरात तरी कशाला हात लावू मग?"

आईने सूप खाली ठेवलं आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

थोड्याच दिवसांत पुणतांब्याहून निरोप आला. दिराच्या सुनेचं बाळंतपण होतं, हाताखाली कोणी नव्हतं, वहिनीला पाठवून द्या. ज्यांनी काढून दिलं त्यांनीच आता राबायला बोलावलं होतं. वडील म्हणाले, "जाऊ नगंस, आक्का. तिथं तुला कोन इचारतंय?"

"इचारत न्हाईत, पर तिथं हाताला काम तर हाय. हितं मी नुसती खायाला."

वडील उठून गोठ्यात गेले. बैल छावणीत नेऊन बांधले होते, गोठा रिकामा होता. डोळ्यांत पाणी आलं की त्यांना जनावरांकडे काहीतरी काम निघायचं, आणि आता जनावरं नसतानाही ते तिथेच जाऊन उभे राहिले.

मला आत्या हवी होती. आई दमून यायची. संध्याकाळी माझ्या केसांना तेलाचं बोट लावून, गुंता न ओढता वेणी घालणारी घरात आत्याच होती. ती जाणार हे ठरल्यावर मी तिच्याशी बोलणंच टाकलं. रागाने राहील, असं मला वाटलं असावं.

विहीर तोवर तळाला गेली होती. प्यायला नदीचं पाणी घेऊन टँकर यायचा. घरटी दोन घागरी मिळायच्या आणि त्या जपून पुढच्या टँकरपर्यंत पुरवायच्या. आत्या निघायच्या आदल्या दिवशी टँकर आला. बाजारचा दिवस होता, कामाला सुट्टी. वडील कर्जतला एसटीची वेळ विचारायला गेले होते, आत्या शेजारपाजारी निरोप घेत फिरत होती, आणि आई घागरी घेऊन रांगेत उभी होती. मी बाजूला मैत्रिणींबरोबर ठिक्कर खेळत होते. माझी ठिकरी म्हणजे आत्याच्या साबणाचा तुकडा. त्या वड्या कोपऱ्यात टोपलीभर पडून होत्या, आणि घरंगळत नाही म्हणून ठिकरीला साबण फार चांगला.

टँकरच्या नळीच्या सांध्यातून धार गळत होती. खेळून मातीने भरलेले हात मी तिच्याखाली धरले. ठिकरी मुठीतच होती. हात चोळले आणि बघते तर मुठीतून पांढरा फेस वर आला. तो वाढतच गेला, मनगटावर आला, कोपरावरून ओघळला. मला आधी भीतीच वाटली. तशीच हात वर धरून मी रांगेत आईकडे गेले.

आईने माझ्या हाताकडे बघितलं. मग ठिकरी घेतली, घागर माझ्याजवळ दिली आणि स्वतः धारेखाली हात धरून चोळले. टँकरवाला ओरडला, "ओ बाई, प्यायचं पानी हाय ते." आई तिथेच उभी राहून फेसाने भरलेले आपले हात उलटेपालटे करून बघत होती. असा फेस तीही पहिल्यांदाच बघत होती. मग तिने हात धुतले, दोन्ही घागरी भरून घेतल्या आणि भराभर घराकडे निघाली.

संध्याकाळी आत्या परत आली, वडीलही आले. एसटी सकाळची होती. बोचकं बांधून दाराशी ठेवलेलं होतं. आईने अंगणात घमेलं मांडलं, टोपलीतून एक वडी आणली आणि वडिलांचं धोतर आत्याच्या पुढ्यात टाकलं.

"वन्सं, जाता जाता येवढं धुऊन द्या."

आत्याला ते लागलं असावं. पण ती बसली. आईने घागर उचलून घमेल्यात ओतली, निम्मी नाही, सगळी. आत्या खाली मान घालून साबण घासायला लागली, आणि दोन हात फिरले नाहीत तोच थांबली. धोतरावर फेस आला होता. तिने पुन्हा चोळलं. फेस घमेलं भरून वर आला, काठावरून अंगणातल्या धुळीत सांडला. तिने दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात घातले आणि तशीच बसून राहिली.

"तुमचा हात कुठं गेल्याला न्हाई," आई म्हणाली. "आमच्या हिरीचं पानीच तसलं हाय. डाळीला सोडा घालते, तसा उद्यापास्नं धुन्याच्या पान्यात बी घालून बघू."

आत्याने घमेल्याकडे पाहिलं, मग पालथ्या घागरीकडे. तिच्या ध्यानात आलं.

"वैनी, ह्ये टँकरचं पानी हाय. प्यायचं."

"व्हय."

"आनि आता पोरं काय पितील?"

"येक घागर हाय की अजून. पुरवू तीच." आई तिच्याजवळ बसली. "तुमी जायच्या म्हनल्यापास्नं तुमच्या भावाला घास जाईना झालाय. त्या घरात भरल्या घागरी ठिवून मी काय करू?"

वडील ओट्यावर बसले होते. ते कर्जतहून उन्हाचे चालत आले होते आणि त्यांनी अजून पाणी मागितलं नव्हतं. त्या दिवशी ते मागितलंच नाही. गोठ्यातही गेले नाहीत. तिथेच बसून सगळ्यांदेखत त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

आत्याने धोतर पिळून वलणीवर टाकलं. मग ओल्या हातांनीच दाराशी गेली आणि बोचक्याची गाठ सोडायला लागली. हात निसरडे होते, गाठ सुटेना. मी पुढे होऊन ती सोडली. आत तिचं दुसरं लुगडं होतं, सकाळी नेसून जायचं, घडी घातलेलं. तिने ते उचललं, घमेल्याशी आणलं आणि फेसात बुडवलं.

"येवढं पानी हाय तर ह्येबी भिजवून घेते," ती म्हणाली.