वरणाबाई नाचणगावला आल्या त्याची गोष्ट

आमच्या भिंतीला भिंत लागून कौशल्याबाई थूल राहतात. एकोणतीस वर्षं त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. भावाची पोरगी रक्षा त्यांनीच वाढवली, शिकवली, आणि ती शिकून थेट शिकागोला गेली. तिथे ती ग्रंथालयात नोकरी करते. रोज संध्याकाळी सातला, म्हणजे तिच्या सकाळी, तिचा फोन येतो. तो आमच्या वायफायवर येतो, कारण आमचा पासवर्ड कौशल्याबाईंना माझ्याआधी पाठ झाला होता.

दोन वर्षांपूर्वी रक्षानं माहितीपट करायला घेतला. टीव्हीवर कधीच न दिसणारी तिथली माणसं, सफाईवाल्या, बसचालक, आपल्याकडून गेलेली पोरं, असं काही तिच्या डोक्यात होतं. एका संध्याकाळी कौशल्याबाई आमच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. रक्षाचा फोन आला, तो रडवेला.

"आत्या, आज बोलता येणार नाही. शूटिंग आहे. पण कॅमेरा लावला की ह्या बाई पुतळ्यासारख्या बसतात. तीनदा झालं."

"कोण बाई? दाखव मले."

पडद्यावर एक उंच, सावळ्याहून सावळी, पांढऱ्या कुरळ्या केसांची म्हातारी दिसली. नाव वर्ना. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. स्वतःच्याच स्वयंपाकघरात ती परीक्षेला बसल्यासारखी बसली होती.

"तिले विचार, आज काय रांधलं?"

"आत्या, मी त्यांना भेदभावाबद्दल विचारतेय."

"ते मंग विचारजो. चुलीपाशी बसलेल्या बाईले कोणी पहिले दुःख विचारते का?"

रक्षानं नाइलाजानं विचारलं. म्हातारीनं आधी रक्षाकडे, मग फोनकडे पाहिलं, उठली आणि कढईवरचं झाकण काढलं. कौशल्याबाईंच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली.

"वर्षाली, भेंडी हाय व," त्या मला म्हणाल्या. "टमाटर टाकून भेंडी. अन् ते बाजूले भिजत घातलं ते काय? बरबटी. अमेरिकेत बरबटी." बरबटी म्हणजे आमच्याकडे चवळी.

मग सुरू झालं. भेंडीची तार कशी मोडायची यावर दोघींचं भांडण जुंपलं. एक वऱ्हाडीत, एक इंग्रजीत, मध्ये रक्षा. झाकण ठेवायचं नाही, असं कौशल्याबाईंचं म्हणणं. आपली आईसुद्धा हेच सांगायची आणि आपण तिचंही ऐकलं नाही, असं वर्नाबाईंचं. दोघी हसायला लागल्या. भाषांतर करायची गरजच उरली नाही, आणि माझी मुलं अभ्यास टाकून बाहेर आली.

हसता हसता वर्नाबाई आपणहून बोलायला लागल्या. त्या लहानपणी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यात राहायच्या. गोऱ्या मुलांना शाळेची बस होती. त्या मात्र भावंडांसोबत चार मैल पायी जायच्या आणि ती बस अंगावर चिखल उडवत पुढे जायची. "तेव्हाच ठरवलं," त्या म्हणाल्या, "एक दिवस ही बस मी चालवणार आणि रस्त्यात दिसेल त्या पोराला आत घेणार." त्यांनी सदतीस वर्षं बस चालवली.

कौशल्याबाईंनी खाली पडलेली मेथीची जुडी उचलली. मग म्हणाल्या, "तिले सांग, माही पहिली अंगणवाडी दुसऱ्या गावात होती. मी रांधलेली खिचडी काही घरचे लोक पोरायले खाऊ देत नव्हते. मी काही बोलली नाई. रोज फोडणीत लसूण वाढवत गेली. पोरं वासावर आले. चौथ्या महिन्यात त्यायच्या माया मले विचारत होत्या, बाई, काय टाकता व यात?"

रक्षानं सांगितल्यावर वर्नाबाईंनी टेबलावर दोन्ही हात आपटले आणि डोळे पुसेपर्यंत हसल्या. कॅमेरा सुरूच होता.

त्या दिवसापासून प्रश्न विचारायचं काम नाचणगावच्या ओट्यावर आलं. चार महिन्यांत कौशल्याबाईंनी अकरा जणांना बोलतं केलं. त्यात आर्वीकडचा एक पोरगा होता, तिथे संगणकाच्या कंपनीत. तो "दीप" एवढंच नाव सांगायचा, कारण पूर्ण नाव ऐकून आपल्याकडचेच काही लोक पुढचं आडनाव विचारतात.

"मायनं काय नाव ठेवलं तुह्यं?"

"धम्मदीप."

"मंग अर्धं काऊन सांगतं? मोठ्यानं सांग. माह्या कानाले कमी येते."

त्यांचे कान ठणठणीत आहेत. पोरानं तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून, आणि मग स्वतःच हसत सुटला. आता ऑफिसच्या दारावरची पाटीही पूर्ण नावाची आहे, असं रक्षा सांगते.

या जानेवारीत रक्षा माहितीपट घेऊन आली, आणि सोबत वर्नाबाई. शहात्तर वर्षांच्या, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेल्या. आम्ही दोन ऑटो करून पुलगाव स्टेशनवर गेलो. गाडी थांबली. दोघी समोरासमोर आल्या. मग कौशल्याबाईंनी पिशवीतून कोवळ्या भेंड्यांचा पुडा काढून त्यांच्या हातात दिला. फुलं द्यावीत तसा. वर्नाबाईंनी तो छातीशी धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

येताना बसस्टँडवर चहा घेतला. तिथे उभी असलेली लाल एसटी पाहून वर्नाबाईंची पावलं आपोआप तिकडे वळली. चालक अंकुश आमच्याच गावचा, कौशल्याबाईंच्या खिचडीवर वाढलेला. किल्ली खिशात ठेवून त्यानं त्यांना आपल्या जागेवर बसवलं. त्यांनी आरसा नीट केला, मागे वळून प्रवाशांकडे पाहिलं आणि इंग्रजीत काहीतरी दरडावलं.

"काय म्हणून राह्यली व ते?" एका आजीनं विचारलं.

"बसा म्हणते खाली," रक्षा म्हणाली.

अख्खी गाडी मुकाट्यानं खाली बसली. मग जे हसू फुटलं ते फलाटावरच्या भेळवाल्यापर्यंत गेलं. गाडी सात मिनिटं उशिरा सुटली आणि कोणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला विहाराच्या अंगणात पांढरी चादर बांधून माहितीपट दाखवला. दीडशेक माणसं होती. वर्नाबाईंचं नाव तोवर गावानं "वरणाबाई" करून टाकलं होतं. त्या चिखलाचं बोलल्या तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून बसल्या. खिचडीत लसूण वाढला तेव्हा टाळ्या पडल्या. कौशल्याबाई चादरीवर कुठेच दिसल्या नाहीत, नुसता आवाज. तरी प्रत्येक प्रश्नाला पोरं मागे वळून त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या लाजून चपला चाचपत होत्या.

संपल्यावर शोभाबाई उठल्या. त्या पुलगावच्या कापड गिरणीत होत्या, फार कमी बोलणाऱ्या.

"कौशल्याबाई, मले कधी इचारान?"

"उद्या सकाळी येतो," कौशल्याबाई म्हणाल्या. "रक्षा, तुह्या मशीनले रात्री चार्जिंगले लाव."

वरणाबाई अकरा दिवस राहिल्या आणि रक्षासोबत परत गेल्या. रक्षाचा कॅमेरा मात्र अजून इथेच आहे. सध्या तो माझ्या थोरल्या मुलीकडे, नंदिनीकडे असतो, आणि आर्वीकडच्या रोहणा गावाहून दोन बायांचा निरोप आलाय की आमची पाळी कधी.