चौकटीवरची तिरकी रेघ

लवू माझा धाकटा भाऊ. त्याची गोष्ट सांगायची तर आधी डोकं शांत ठेवावं लागतं, आणि ते मला जमत नाही, म्हणून तापलेल्या डोक्यानेच सांगते.

घाटकोपरला टेकडीवर दोन खोल्यांत आम्ही दोघं राहतो. मी जानकी. नवरा गेल्यावर भावाकडे आले ती इथलीच झाले. ब्लाउज शिवते. शेजारच्या बायका म्हणतात, जानकीच्या मशीनपेक्षा तिची जीभ जास्त चालते. चालते तर चालते. या घरात कुणीतरी बोलायला नको? लवूला दिवसाला दहा शब्द पुरतात, त्यातले चार ‘अक्का, चहा दे गो’ यात जातात.

लवू गिरणीत होता, पण साच्यावर, म्हणजे मागावर नाही. डिझाइन खात्यात. साडीवर छापायच्या वेलबुट्टीत कुठे ठिपका सांडला, कुठे ओरखडा आला, की तो बारीक ब्रशने साफ करायचा. पंधरा वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. जेवताना भातातला खडा माझ्याआधी त्याला दिसायचा. ब्याऐंशीला संप झाला, गिरणी गेली, आणि त्याचं ठरलेलं लग्नही गेलं. मुलीच्या बापाने निरोप धाडला, ‘तूर्त थांबूया.’ मी कुडाळला जाऊन त्या माणसाला जे बोलले ते चार लोकांत सांगण्यासारखं नाही.

मग तो साकीनाक्याला चंद्रप्रकाश शेठच्या छापखान्यात लागला. रंगीत चित्र छापायचं तर त्याच्या चार रंगांच्या चार फिल्मा काढतात. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर त्या पसरायच्या आणि धूळ, केस, चरे, जे चित्रातलं नाही ते ब्रशने घालवायचं. टचिंग म्हणतात त्याला. कॅलेंडरावरच्या लक्ष्मीच्या गालावर डाग नसतो ना, तो लवूसारख्या कुणीतरी मान मोडून घालवलेला असतो. नाव मात्र शेठचं.

पंच्याऐंशी साली त्याच्याकडे एझ्रा नवगावकरांचं चित्र आलं. नवगावकर आपले मराठी ज्यू, अलिबागकडचे. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद म्हणजे बंद. बोलणं अगदी आपल्यासारखं. चेंबूरला एका खोलीत राहायचे, सत्तरीचे, चित्रकार म्हणून नाव मोठं आणि खोलीत दोन खुर्च्या. त्यांनी नवगावच्या घराचा दरवाजा रंगवला होता. निळा दरवाजा, उंबऱ्यावर पांढऱ्या लुगड्यातली त्यांची आई. मूळ चित्र कधीच परदेशी विकलं गेलं होतं, त्याचा मोठा पारदर्शक फोटो तेवढा शिल्लक होता. आणि नात्यागोत्यातले लोक एकेक करून इस्रायलला चालले होते. प्रत्येकाला जाताना तो दरवाजा बरोबर हवा होता. म्हणून ठरलं की जाड कागदावर दोनशे प्रती छापायच्या, एकही जास्त नाही, आणि प्रत्येकीवर नवगावकरांनी पेन्सिलीने आकडा घालून सही करायची. अशा प्रती जमवणारे शौकीनही असतात, तेही मागे लागले होते.

अशा कामात रिवाज असतो. पहिली प्रत चित्रकाराला दाखवायची, त्याने हो म्हटलं की बाकीच्या छापायच्या. पण नवगावकरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याला पट्टी. पंधरा दिवस थांबायचं होतं, फक्त पंधरा दिवस. शेठने प्रदर्शनाची तारीख जाहीर करून टाकलेली. त्याने पहिली प्रत स्वतःच पाहिली, ‘झकास’ म्हणाला आणि मशीन चालू केलं.

आणि लवूची चूक. ती मी लपवत नाही. दरवाजाच्या उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, नखाएवढी एक काळपट रेघ होती. सरळ असती तर लवूने हात लावला नसता. ती तिरकी होती. चौकट सरळ, फळ्या सरळ, आणि मध्येच ही तिरकी. तिरकं दिसलं की ओरखडा, हे त्याच्या हाताला गिरणीने शिकवलेलं. त्याने चारही फिल्मांवरून ती इतकी सफाईने घालवली की लाकडाच्या रेषासुद्धा त्या जागी जुळवून दिल्या.

पट्टी निघाल्यावर एका रविवारी नवगावकर सही करायला छापखान्यात आले. पेन्सिलीला टोक करून बसले. पहिली प्रत पाहिली. दुसरी पाहिली. चार-पाच उलटल्या आणि पेन्सिल खिशात ठेवून दिली.

‘माझ्या घराचा मेझुझा कुणी काढला?’ एवढंच विचारलं, आणि निघून गेले.

लवू घरी आला तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी ताट उचललं आणि म्हटलं, ‘उपाशी राहून कुणाचं भलं होणार आहे रे? चल, ऊठ, माफी मागून ये.’ आणि त्याला चेंबूरला घेऊन गेले. तो एकटा गेला असता तर दारातूनच परतला असता.

नवगावकर रागावले नाहीत, त्याने मला जास्त लागलं. म्हणाले, ‘जानकीबाई, मेझुझा म्हणजे छोटी नळी. आत आमच्या धर्मग्रंथातलं वचन लिहिलेलं असतं. आमच्या घरी ती चौकटीला तिरकीच लावलेली. आई आत येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना लावायची. त्या रेघेसाठी तर दरवाजा रंगवला. ती नसेल तर तो कुणाचाही दरवाजा. असल्या दरवाजाखाली मी नाव घालणार नाही.’

मला माझा उंबरा आठवला. चौकटीला मी हळदकुंकवाची बोटं ओढते. उद्या कुणी घाण समजून ती पुसली तर मी त्याला जिवंत सोडणार नाही. आणि इथे पुसणारा माझाच भाऊ, खाली मान घालून बसलेला. त्याचा राग येत होता आणि त्याला पोटाशी धरावंसं वाटत होतं. बसमध्ये त्याला खिडकीची जागा दिली आणि मी पुढच्या बाकावर जाऊन बसले.

लवूने शेठला सांगितलं की फिल्मा नव्याने करूया, सगळी रात्रपाळी फुकट करतो. शेठ ऐकेना. उलट शनिवारी सकाळी दोनशे प्रतींचे गठ्ठे टॅक्सीत घालून तो आमच्या घरी आला. बरोबर नवगावकरांच्या सहीचा नमुना आणि पेन्सिलींचा डबा.

‘लवू, तुझा हात कुणाचीही नक्कल करतो. म्हातारा ऐकत नाही, तर तू कर. कुणाला कळणार आहे? आणि हे बघ, घाण तू केलीस. तूच निस्तर ना.’

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ‘घाण त्याने केली?’ मी विचारलं. ‘म्हाताऱ्याला प्रत न दाखवता मशीन कुणी चालवलं, शेठ? माझ्या भावाने रेघ पुसली. तुम्ही माणूस पुसायला निघालात.’

शेठ माझ्याकडे न बघता लवूला म्हणाला, ‘उद्या संध्याकाळी येतो. नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस.’

मला वाटलं, लवू गठ्ठे दाराबाहेर फेकेल. त्याने ते उचलून आतल्या खोलीत नेले आणि दार लोटलं. मी मशीनवर बसले आणि इतक्या जोरात पाय मारला की सुई तुटली. आमचा बाप गिरणीत खपला, पण खोट्या हजेरीवर कधी त्याने अंगठा टेकला नाही. आणि हा दुसऱ्याचं नाव दोनशेदा लिहिणार होता. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. दुसऱ्या दिवशी केला, पण त्याला वाढला नाही. दारातून एवढंच म्हटलं, ‘संपल्या का सह्या?’

रविवारी चार वाजता दार उघडलं. लवूचे डोळे लालभडक झाले होते. म्हणाला, ‘अक्का, बघ.’

मी आधी खालचा कोपरा पाहिला. कोरा. दुसरी प्रत उचलली, कोरा. मग माझी नजर वर गेली. निळ्या दरवाजाच्या उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, तिरकी काळपट रेघ होती. मी गठ्ठा उलटत गेले. प्रत्येकीवर होती. दोनशे वेळा त्याने ती ब्रशने परत लावली होती. वरच्या टोकाला उजेडाचा बारीकसा ठिपकाही होता, मूळ फोटोत असावा तसा. मी जाऊन भात गरम केला.

तो जेवत असतानाच शेठ आला. त्याने प्रत उचलली आणि तडक खालचा कोपरा पाहिला. दुसरी, तिसरी. ‘सही कुठे आहे?’

लवू म्हणाला, ‘शेठ, रेघ लावली. आता चेंबूरला नेतो. नवगावकर स्वतः सही करतील.’

‘कसली रेघ?’

‘दरवाजा बघा,’ मी म्हटलं.

शेठने बघितला. खूप वेळ बघितला. ‘दरवाजाच आहे की,’ म्हणाला.

दोन दिवस माझा भाऊ मान मोडून बसला होता, आणि ज्याने ते चित्र विकायला काढलं त्याला ते नीट बघताही येत नव्हतं. म्हाताऱ्याकडे जायला वेळ नाही, तो पुन्हा नाटक करील, असं म्हणून त्याने गठ्ठे खाली नेले. जाताना लवूला म्हणाला, ‘उद्यापासून सुट्टी तुला.’ मी जिन्यापर्यंत त्याच्या मागे गेले आणि त्याच्या सात पिढ्या काढल्या. चाळीतली सगळी दारं उघडली होती. उघडू देत.

सह्या मग साकीनाक्याच्याच एका पाट्या रंगवणाऱ्याने केल्या. प्रदर्शन झालं, प्रती हातोहात गेल्या. कुणी चूक काढली नाही.

महिन्याभराने नवगावकर आमची टेकडी चढून आले. धाप लागली होती. काखेत कागदाची गुंडाळी. शेठने निर्लज्जपणे त्यांनाही एक प्रत पाठवली होती. त्यांनी ती माझ्या शिलाई मशीनवर पसरली, भिंग काढलं आणि चौकटीवर धरलं.

‘ही छापलेली नाही,’ म्हणाले. ‘ब्रशची आहे. कुणाची?’

मी लवूला पुढे ढकललं. मी म्हटलं, ‘ह्याची. सगळ्या दोनशेंवर आहे.’

त्यांनी दोन बोटं त्या रेघेला लावली आणि ओठांना टेकवली. मग खिशातून खोडरबर काढलं आणि खालची सही खोडायला लागले. हळूहळू, कागद फाटणार नाही असं. नाव गेलं, पण कागदावर पांढुरका चट्टा राहिला. मला वाटलं आता त्यावर स्वतःची करतील. त्यांनी तशीच प्रत लवूच्या हातात दिली. ‘हिच्यावर नाव नको,’ म्हणाले. ‘आता हिच्यात काही खोटं नाही.’

ती आम्ही दाराच्या आतल्या भिंतीला लावली. काच नाही. लवू तेव्हापासून घरी बसून मिळेल ते करायचा, लग्नपत्रिका, औषधांची लेबलं. नवगावकर पुढच्या वर्षी वारले.

त्यानंतर एकदा शेठ आला. टचिंगला त्याला माणूस टिकत नव्हता. गोड बोलला, अक्का-अक्का केलं, लवूला परत ये म्हणाला. बोलता बोलता त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. सवयीने खालच्या कोपऱ्याकडेच गेलं.

‘अरे, ही तर आपल्या दोनशेतली प्रत. वाट लावलीत हिची. आज काय भाव आहे माहीत आहे? ही सही कुणी खोडली?’

मी तोंड उघडणार होते, पण त्याआधी लवू उठला. त्याने कोपऱ्यातल्या शेठच्या चपला उचलून दाराबाहेर नेऊन ठेवल्या, नीट, जोडीने.

‘ज्याचं नाव होतं, त्याने,’ तो म्हणाला.