भंडाऱ्यात अहवाल शिकताना

आरोग्य खात्यातली माणसं जमली की औषधांपेक्षा किस्सेच जास्त निघतात. ऐंशीच्या सुमारास भंडाऱ्यात आम्हाला शास्त्रीय लेखन शिकवायला नागपूरहून एक डॉक्टर सर आले, आणि माझ्याकडे तर साठाच झाला!

आम्ही बाकीचे ट्रेनिंगच्या नावाने आराम करत होतो. जीव अडकला होता तो फक्त नर्स सुशीलाबाईंचा. आंधळगावजवळच्या त्यांच्या गावात विहिरीच्या पाण्याने हगवण पसरली होती. अहवाल पास झाला तरच हातपंपाची मागणी पुढे जाणार होती.

*

साकोलीचे डोमाजी मलेरियाचं काम बघत. त्यांनी आलेख काढला.

"जूनमध्ये ताप एकदम शून्यावर?" सर खूश झाले. "काय उपाय केलात?"

"मी रजेवर होतो जी!"

*

माहिती कोणाकडून मिळाली ते शेवटी लिहायचं, असं सरांनी बजावलं. डोमाजींनी लिहिलं: 'एक, सरपंचाची आई. दोन, सरपंचाची सून. दोघींचं पटत नाही.'

सर म्हणाले, "डोमाजी, शास्त्रात पण असंच असतं!"

*

मी माझ्या अहवालाच्या शेवटी ऐटीत लिहिलं, 'अधिक अभ्यासाची गरज आहे.'

"कोण करणार?"

"दुसरा कोणी, सर!"

*

सुशीलाबाईंनी 'पद्धत' या मथळ्याखाली लिहिलं होतं, 'प्रत्येक घरी बसून चहा घेतला, मग विचारले.' सरांनी चहावर लाल रेघ मारली.

"काहून कापला जी? चहा नाई घेतला त कोणी खरं सांगत नाई."

"मी स्वतः विचारून बघतो," सर म्हणाले. बाईंचा चेहरा उतरला. मला तर सरांचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गावात गेलो. पहिल्या घरी सरांनी चहा नाकारला आणि उभ्या उभ्या विचारलं, "कोणी आजारी?"

"कोणीच नाई जी."

दुसऱ्या घरी तेच. बाईंच्या वहीत दोन्ही घरी आजारी माणसं होती. सर वहीकडे संशयाने बघू लागले.

तिसऱ्या घरी बाई ओसरीवर बसल्या आणि कोरा चहा घेतला. कप अर्धा झाला तशी म्हातारी जवळ सरकली. "का सांगू बाई, दोन्ही नातवंडं चार दिसांपासून हगून राहिले. सायबाले कसं सांगू?"

सर तडक परत पहिल्या घरी गेले.

"माय, चहा मिळेल का?"

संध्याकाळपर्यंत सरांनी नऊ कप घेतले आणि बाईंची वही तंतोतंत जुळली!

अहवाल पास झाला, हातपंपही आला. तो अहवाल मी पाहिलाय. लाल रेघ खोडलेली, आणि 'पद्धत' खाली सरांच्या अक्षरात एक ओळ वाढवलेली: 'साखर जास्त वाटली तरी कप पूर्ण संपवावा.'