ढावलोचं पान

माझी याडी, म्हणजे आई, तांड्यातली, गोर बंजारा. बाबा दिग्रसचे, बौद्ध. "मग तू नेमकी कोण?" असं कोणी विचारलं की मी ठणकावून सांगते, दोन्ही! अर्धी-अर्धी नाही बॉ, दोन्ही पुरती. हेच सांगायला मी स्वतःची गोष्ट चित्रांत काढायला घेतली. चौकटीत माणसं, तोंडाजवळ फुग्यात त्यांचं बोलणं. याडीची अट एकच होती, "माह्या पानाले मी हो म्हटल्याबिगर पुस्तक छापाचं नाही."

तिच्या लग्नाचं पान मी झोकात काढलं. विहार, मेणबत्त्या, पांढरी साडी. आणि निरोपाच्या चौकटीत याडी ढावलो गातेय. तांड्यातली नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, तो ढावलो. मामाकडे जाणं-येणं सुरू झाल्यापासून मी तो कितीदा ऐकला आहे. एका पानात दोन्ही घरं बसवली म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

याडीनं पान पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हे खोटं हाय. मी रडलीच नाही."

"काहून? ढावलो तर सगळ्याच गातात."

"गळ्यात पडाले माणूस लागते ना बाई! तांड्यातून कोणी आलतं काय तवा? भिंतीच्या गळ्यात पडू?"

माझी सगळी ऐट उतरली. तिच्यासाठी जीव तुटला आणि तांड्याचा रागही आला. मी खोडरबर घेतलं, अश्रू पुसले, फुगा रिकामा केला. कोरड्या डोळ्यांची नवरी एकटीच उभी राहिली.

"हे खरं," याडी म्हणाली. "छाप."

मी कागद आवरायला लागले, तर तिनं माझा हात धरला.

"तू दोन्ही हाय म्हणतं ना? मंग तांड्याकडून उभी राह्य."

मी उभी राहिले. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि सुरू झाली. गोरबोलीत, लांब हेल काढून, माहेरच्या एकेकाला हाक मारत. आवाज फाटला तरी थांबली नाही. मग मीही चांगलं भोकाड पसरलं.

बाबा घाबरून धावत आले. "काय झालं वं?"

"काही नाही," याडी पदरानं नाक पुसत म्हणाली. "आता निघाली मी माहेरून."