कंडक्टरांची जुनी गंमत

गल्लीत त्यांना सगळे टेलरबाई म्हणत. गळ्यात इंच टेप, खांद्याजवळ कापडात टोचलेल्या दोन सुया आणि दातांत धरलेला दोरा. दोरा दातांत असला की बोलता येत नाही, म्हणून टेलरबाई मुळातच कमी बोलत. ती कसर भरून काढायला देवाने त्यांना नवरा दिला तो बसकंडक्टर.

कंडक्टर म्हणजे वल्ली माणूस. बस गच्च भरली की ओरडत, "मागे सरका, मागे पण तेवढंच भाडं आहे!" पण त्यांची गाजलेली गंमत वेगळीच होती. कुणाच्या लग्नात, साखरपुड्यात, चारचौघांत ते टेलरबाईंसमोर येऊन उभे राहत, अनोळखी माणसासारखे हात जोडत आणि विचारत, "बाई, तुम्ही मुलाकडच्या की मुलीकडच्या? एकट्याच आलात?" टेलरबाई तोंड वाकडं न करता म्हणत, "नवरा आलाय बरोबर, पण तो काही कामाचा नाही." लोक हसून हसून बेजार होत. शंभरदा ऐकलेली गंमत, पण नातेवाइकांना त्याशिवाय जेवण गोड लागत नसे. त्यांचा मुलगा तर यावरच वाढला.

गेल्या वर्षी एका सकाळी टेलरबाई कॉलर उलटवत बसल्या होत्या. कंडक्टर कप हातात घेऊन दारात आले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला कुणाला भेटायचंय?" टेलरबाई सवयीने म्हणाल्या, "नवऱ्याला. पण तो काही कामाचा नाही." कंडक्टर हसले नाहीत. ते खऱ्या उत्तराची वाट बघत उभे राहिले. टेलरबाईंचा पाय मशीनवर थांबला.

तेव्हापासून हे न ओळखणं येत-जात राहिलं. घरात निभावून जायचं, कारण मशीन सुरू केली, तिचा खडखडाट कानावर गेला, की थोड्या वेळाने आतून "अगं" अशी हाक यायची. ती हाक आली की टेलरबाईंचा जीव भांड्यात पडायचा. त्यांनी मुलाला दोनदा फोनवर सांगून पाहिलं. तो म्हणाला, "आई, बाबा तुझी फिरकी घेतायत. इतक्या वर्षांत तुला कळू नये?" मुलगा वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा गोष्टीत मुलाला शिव्या घालायची पद्धत पडली आहे. तो आईबापावर जीव टाकणारा होता. नुसत्या जीव टाकण्याने डोळे उघडतात असं मात्र नाही.

त्या जीवापोटीच त्याने दोघांच्या लग्नाच्या वाढदिवसाला एक फार झकपक हॉटेल ठरवलं, तेही जुन्या तटबंदीच्या त्या शहरात, जिथे कंडक्टर वर्षानुवर्षं बस घेऊन जात आणि रात्री स्टँडवर बसमध्येच पाठ टेकत. "एकदा तुला तिथला बाजार दाखवतो," असं ते बायकोला लग्नापासून सांगत आले होते. मुलगा आणि सून संध्याकाळी जेवायला तिथेच येणार होते. टेलरबाई प्रवासाला तयार झाल्या त्या एवढ्याचसाठी. मुलाला समोर बसवायचं, बापाकडे नीट बघायला लावायचं आणि विचारायचं, आता पुढे काय करू? त्यांना एकटीला हे झेपेनासं झालं होतं.

हॉटेल म्हणजे पूर्वीची वखार. मालकाने तिचा खरा जुनेपणा खरवडून काढला होता आणि नंतर खर्च करून नवा जुनेपणा चढवला होता. भिंतीचं प्लास्टर मुद्दाम उडवलेलं. दिव्याची बटणं अशी लपवलेली की पंखा लावायला जावं तर पडदा सरके. न्हाणीघराची भिंत काचेची, ही तर कमालच. पलंगावर उशा इतक्या की माणसाने झोपायचं कुठे हा प्रश्न पडावा. कंडक्टर मात्र त्या वेळी खुशीत होते. "तिकीट दाखवू का?" असं त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, आणि तीही हसली. टेलरबाईंना वाटलं, आजचा दिवस बरा जाणार.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या पॅकेजमध्ये ब्यूटी सेशन आहे. तुमच्या सूनबाईंनी खास सांगितलंय." पाठोपाठ सुनेचा फोन, "आई, नाही म्हणायचं नाही हं." टेलरबाईंना लहानसहान गोष्टींत नाही म्हणता येत नसे. नवऱ्याला टीव्हीसमोर बसवून त्या खाली गेल्या. तिथे त्यांचे केस धुतले, मानेपर्यंत कापले, काळेभोर केले. अंगाला कसलं तरी फुलांचं तेल चोळलं. सुनेने पाठवलेला नवा ड्रेस चढवला. खांद्याची शिवण ढिली आहे हे त्यांनी घालताक्षणीच ओळखलं, पण आरशात पाहिल्यावर त्या खूश झाल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. आता हे काय म्हणतील, असा विचार करत त्या लगबगीने जिना चढल्या.

दार उघडताच कंडक्टर उठून उभे राहिले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "खोली चुकलात बाई," ते म्हणाले.

 टेलरबाईंनी जुनंच उत्तर देऊन पाहिलं, "नवऱ्याला शोधतेय. पण तो काही कामाचा नाही."

"असं बोलू नये आपल्या माणसाबद्दल," कंडक्टर गंभीरपणे म्हणाले. "खोली तुमची असेल तर मी बाहेर बसतो. माझी बायको येईलच. परक्या बाईबरोबर बंद खोलीत बसलेलो दिसलो तर तिला बरं वाटायचं नाही."

आणि ते खरंच बाहेर जाऊन बसले. व्हरांड्यात एक लांबलचक लाकडी बाक होता, बसण्यापेक्षा बघण्यासाठी केलेला. टेलरबाईंनी घाईघाईने तोंड धुतलं. केस मागे बांधायला गेल्या तर बांधायला केसच उरले नव्हते. प्रवासातला जुना ड्रेस शोधला, तर तो खाली बदलला तिथेच राहिला होता आणि धुवायला गेला होता. खाली फोन केला तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सकाळी इस्त्री करून मिळेल मॅडम. आमच्याकडून फ्री आहे." आता हिच्यावर चिडायचं तरी कसं?

शेवटी ड्रॉवरमध्ये सुईदोऱ्याची एक चिमुकली डबी सापडली. ती घेऊन टेलरबाई बाहेर आल्या, बाकावर जरा अंतर ठेवून बसल्या आणि स्वतःच्या खांद्याची ढिली शिवण घट्ट करू लागल्या. मशीन नाही तर सुई तरी. कंडक्टर तिरक्या नजरेने बघत राहिले.

"छान हात आहे तुमचा," ते म्हणाले. "माझी बायकोही शिवते. पण तिच्या हाताला तोड नाही."

"ती मीच आहे, अहो."

कंडक्टर समजूतदारपणे हसले. पास घरी राहिला म्हणणाऱ्या प्रवाशाकडे बघून ते असेच हसत.

टेलरबाईंनी सुईने टोचून टोचून घट्टे पडलेली बोटं पुढे केली. "ही बघा. ही तरी ओळखा."

"शिवणाऱ्यांची बोटं अशीच असतात," ते म्हणाले, आणि मान वळवून जिन्याकडे बघू लागले.

मग फोन वाजला. पडद्यावर मुलगा आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारी सून.

"आई, काय दिसतेयस गं! ऐक ना, आमचं येणं रद्द. ऑफिसात अडकलोय. तुम्ही दोघं मस्त जेवा."

 समोर बसवून सांगायचं ते आता असंच सांगणं भाग होतं. "ऐक," टेलरबाई म्हणाल्या, "बाबा मला ओळखत नाहीत. खोलीत येत नाहीत. मला परकी बाई समजतात."

मुलगा हसू लागला. "दे बरं त्यांना."

कंडक्टरांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "साहेब," ते म्हणाले, "या बाई चांगल्या घरच्या दिसतात, पण मला सोडत नाहीत. माझ्या बायकोला तेवढा निरोप द्या. म्हणावं, मी इथे वर बसलोय."

तिकडे दोघं खो खो हसत सुटले. मुलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाबा, मानलं तुम्हाला! साहेब काय, निरोप काय!"

टेलरबाईंनी फोन ओढून घेतला. "अरे, ही गंमत नाही. शपथ घेऊन सांगते. वर्ष झालं असं चाललंय. मला भीती वाटते रे."

"आई, तू सुद्धा?" मुलगा धापा टाकत म्हणाला. "आज तर तू बाबांनाही मागे टाकलंस."

"आई, एवढं नटवलंय तुम्हाला," सून मागून म्हणाली, "ओळखतील कसे?"

 आयुष्यभर जे उत्तर देऊन टेलरबाईंनी लोकांना हसवलं, त्यानेच आता त्यांचं तोंड बांधलं होतं. मुलगा म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की येतो," आणि फोन बंद झाला. टेलरबाईंनी तो मांडीवर ठेवला आणि त्या रडू लागल्या. आवाज येऊ नये म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटले होते, पण खांदे हलत होते.

कंडक्टर अवघडले. थोडा वेळ त्यांनी चुळबुळ केली, मग खिशातून घडी घातलेला रुमाल काढून दोघांच्या मधल्या जागेत ठेवला.

"रडू नका बाई," ते म्हणाले. "तुमची काय अडचण असेल ती असेल. माझी बायको येऊ दे, आपण तिला सांगू. ती बरोबर मार्ग काढते."

टेलरबाईंनी रुमाल उचलून डोळे पुसले, आणि त्याही जिन्याकडे बघत बसल्या.