सनई न वाजवणारा सनईवाला

धोंडू सनगऱ्याला आमच्याकडे सनईवाला म्हणत. त्याने जन्मात सनई हातात धरली नाही. रत्नागिरीत धनजी नाक्याच्या आतल्या गल्लीत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. शहाऐंशीच्या सुमारास मुंबईच्या मेव्हण्याकडून त्याने जुना व्हिडिओ कॅमेरा आणला आणि लग्नं घ्यायला लागला. माणूस कमालीचा अबोल. 'कॅसेट कधी देशील?' विचारलं की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा, उरलेलं गिऱ्हाइकाने समजून घ्यायचं. त्याची बायको सोनूबाई म्हणायची, "आमच्या दुकानात न बोलणारे रेडिओ पुष्कळ. त्यातला एक माझ्या गळ्यात बांधलेला."

कॅमेरा मात्र धन्याच्या उलट. त्याचा कान थेट माझ्यासारखा. बँड दणदणायला लागला की आक्रसून बसायचा, आणि शांत झालं की हळूहळू मोठा होऊन शेजारणींची कुजबुज टिपायचा. भटजींनी मंगलाष्टकात श्वास घेतला की कॅसेटमध्ये स्वच्छ ऐकू यायचं, "आमटीत नारळ दाखवायलासुद्धा नाही गो!"

यावर धोंडूने इलाज काढला. दोन व्हीसीआर, मधे लाउडस्पीकरवाल्याकडची एक बटणांची पेटी. एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवताना बँड खाली, भटजी वर, आणि कुजबुजीवर टेपरेकॉर्डरमधली सनई. दोन-तीन लग्नसराया गेल्या आणि लोक शहाणे झाले. कॅसेट बघताना मधेच सनई सुरू झाली, की इथे कोणीतरी काहीतरी बोललं, हे अख्ख्या घराला कळायचं. मग चित्र थांबवून तोंडं ओळखायची. धोंडूने झाकायला घातलेली सनई म्हणजे गावाला दवंडीच झाली.

अशात पावसच्या बाजूची सुंदराबाई भायजे एकदा सुनेला घेऊन दुकानात आली. मी नेहमीप्रमाणे बाकावर चहा पीत होतो. कामधंदा नसलेल्या माणसाने बसायला त्या बाकासारखी जागा रत्नागिरीत नव्हती.

सुंदराबाईच्या विठूचं लग्न माघात झालेलं. विठू मुंबईला कंपनीत, कायम नोकरीवर, असं मुलीकडच्यांना सांगितलेलं. सून दमयंती राजापूरकडची. उंबऱ्यावर मापाला पाय लावण्याआधी नवरीने नवऱ्याचं नाव घ्यायचं, आणि इथेच घोडं अडलेलं. सुंदराबाईचं म्हणणं, सुनेने नाव घेतलंच नाही, नुसते ओठ हलवून आत आली. दमयंतीचं म्हणणं, घेतलं. दारात आडवी उभी असलेली नणंद मालन, तिला ऐकू गेलं असणारच. पण आईच्या विरुद्ध साक्ष देणारी मुलगी आमच्या तालुक्यात अजून जन्मायची आहे. महिनाभर ऊठसूट तेच चाललेलं. भाताला कढ आला नाही, तरी कारण, 'नाव न घेता आली ना!' आता शिमग्याला दमयंतीचे आईवडील यायचे होते, आणि त्यांच्यासमोर कॅसेट लागणार होती.

"आवाज वाढव रे," सुंदराबाई म्हणाली. "बँडच्या नादात काय समजत नाही. होऊ दे एकदाचा निकाल."

"वाढवा," दमयंती म्हणाली. "मला पण तेच हवंय."

धोंडूने मूळ कॅसेट लावली, कानाला हेडफोन चढवले आणि बटण फिरवलं. पडद्यावर दारात दमयंती, मागे अंगणात नुकताच थांबलेला बँड. सुंदराबाई घरात, कॅमेऱ्याच्या अगदी बगलेत, म्हणून चित्रात नाही. बँड थांबल्यावर कॅमेऱ्याचा कान मोठा व्हायला जरा वेळ घ्यायचा, त्या वेळातच सगळं होऊन गेलेलं. धोंडूने ते दोनदा ऐकलं. मग कॅलेंडरकडे बघितलं.

"काय रे? घेतलंन का नाव?"

धोंडूने हेडफोन काढून सुंदराबाईच्या डोक्यावर ठेवले. एकटीच्या. दोघींचे आवाज टेपच्या एकाच पट्टीवर होते. सुनेचा वाढवायचा तर सासूचाही वाढणार, त्याला इलाज नव्हता.

सुंदराबाईने ऐकलं. पदर सावरला. पुन्हा ऐकलं. मग इकडेतिकडे बघत हेडफोन काढले.

"सनई घाल त्याच्यावर."

"आत्याबाय, आलं ना ऐकू?"

"आलं. घेतलंस तू नाव."

"मग मला पण ऐकू दे की."

"तू बोललीस ते तू कशाला ऐकायचं?" सुंदराबाई उठलीच. "चल, गाडी चुकेल."

शिमग्याला धोंडू भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन भायज्यांकडे गेला, आणि मी, बाकावर एकटं बसवेना म्हणून, त्याच्यामागून. ओटी माणसांनी भरलेली. दमयंतीची आई हौसा पुढेच बसलेली. हळद झाली, अक्षता झाल्या, वरात आली, दार आलं. दमयंतीचे ओठ हलले आणि सनई सुरू झाली.

अख्खी ओटी एकमेकांकडे बघायला लागली.

"इथं सनई कशाला घातलीन?" हौसा म्हणाली. "काय बोलली माझी पोर, झाकण्यासारखं?"

दमयंतीने मान खाली घातली. धोंडू व्हीसीआरच्या वायरीकडे बघत होता. सगळ्यांच्या नजरा सुनेवर, आणि एक बाई मात्र स्वतःचे पाय निरखत होती.

मग त्या बाईने घसा खाकरला.

"काय नाय बोलली. नाव घेतलंन. मी ऐकलंय." आणि सुंदराबाई उठून उभी राहिली आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"काजूच्या बोंडाची बी लोंबते बाहेरून,
विठ्ठलरावांचं नाव घेते उंबऱ्यावर उभी राहून!"

"तेव्हा तर म्हणत होतीस, घेतलंनच नाय!" कोपऱ्यातून तिची बहीण चिमा ओरडली.

"तेव्हा मी बोलत होते," सुंदराबाई म्हणाली आणि जीभ चावली.

"काय बोलत होतीस गो?"

सुंदराबाई काय बोलत होती, ते धोंडूने मला दोन वर्षांनी सांगितलं, विठू खरोखर कायम झाल्यावर. उंबऱ्यावर सून नाव घेत असताना ती चिमाच्याच कानाशी लागली होती: "टेंपरवारी आहे म्हणून अजून कळू दिलेलं नाय त्यांना. तू पण गप ऱ्हा." चिमा ते विसरली होती, हे सुंदराबाईचं नशीब.

त्या संध्याकाळी मात्र तिने पुन्हा उखाणाच म्हटला, आणखी वरच्या पट्टीत. दमयंतीने मान वर केली. धोंडू पुढे झाला आणि टीव्हीचं बटण फिरवून त्याने सनई बारीक केली.